पैऱ्याचा बैल

चौथीच्या वर्गाला मी दर शनिवारी एक काम देते. पुस्तकातली उदाहरणं सोडवायची नाहीत. आपणच एक शाब्दिक उदाहरण तयार करायचं आणि शेजारच्याला सोडवायला द्यायचं. मुलं मोठी झकास उदाहरणं काढतात. ऊसतोडीची, शेततळ्यातल्या माशांची, एसटीच्या अर्ध्या तिकिटाची. मागच्या हिवाळ्यात एका पठ्ठ्याने असं उदाहरण लिहिलं :

‘एका बैलाची किंमत २५ लाख रुपये आहे. दुसऱ्या बैलाची किंमत ४५ हजार रुपये आहे. दोघे एकाच मैदानात पळाले. तर पहिला नंबर कोणाचा? रीत दाखवा.’

शेजारच्या मुलीने बिचारीने सरळ वजाबाकी केली होती. उत्तर : २४ लाख ५५ हजार.

वर्ग हसला. मीही हसले. पण ‘रीत दाखवा’ हे दोन शब्द काही डोक्यातून जाईनात. दोन बैल एका रेषेवर उभे राहतात, एकाच झेंड्यावर सुटतात, सारखंच अंतर पळतात. मग शर्यत बरोबरीची झाली का? की तिचा निकाल बैल मैदानात येण्याआधीच, कुणाच्या तरी खिशात, लागून गेला होता?

मुलांनो, तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईचे आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमच्या बारामती-इंदापूरच्या बाजूची मुलं मात्र हा भाग सोडून पुढे गेली तरी चालेल. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

बैलांच्या शर्यती सगळीकडे सारख्या नसतात. पुणे जिल्ह्यातच उत्तरेला जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत ‘बैलगाडा’ पळतो. चढाचा घाट, चार बैल, पुढे घोडी, आणि निकाल घड्याळावर. कुणी किती सेकंदांत घाट चढला ते बघायचं. आमच्याकडे आणि तिकडे फलटण, सातारा, सांगलीकडे ‘छकडी’ पळते. छकडी म्हणजे अगदी हलकी दुचाकी गाडी. तिला दोन बैल आणि वर एक माणूस. मोकळ्या माळावर शेजारी शेजारी पट्टे आखलेले असतात, त्यांना ‘तास’ म्हणतात. नांगराचं असतं ना, तेच तास. सात-आठ छकड्या एकदम सुटतात, तो झाला एक ‘गट’. गटात पहिला आला तो सेमीला, सेमीत जिंकला तो फायनलला.

शाळेच्या क्रीडास्पर्धांत नसेल इतका विचार जुन्या लोकांनी इथे केलेला आहे. कुणाला कुठला तास मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. कारण एखादा तास कडक असतो, एखादा भुसभुशीत, आणि भुसभुशीत तासात बैलाचा पाय रुततो. मग तो कुणाच्या नशिबी यावा? तर चिठ्ठीत निघेल त्याच्या. तिथे ओळखपाळख चालत नाही. सुटताना एक पंच, झेंड्यावर दुसरा.

आणि दात! बैलाचं वय त्याच्या दातांवरून कळतं. ज्याचे दुधाचे दात अजून पडले नाहीत तो ‘आदत’. दोन पक्के दात आले की ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’. आदत बैलांचं मैदान वेगळं ठेवतात, कारण अडीच वर्षांच्या खोंडाला भरल्या अंगाच्या बैलासमोर सोडणं म्हणजे पहिलीतल्या पोराला दहावीतल्या पोराशी कुस्ती खेळायला लावण्यासारखं. पंच बैलाचं तोंड उघडून दात मोजतो. वय मोजलं जातं, तास चिठ्ठीवर जातो, झेंडा सगळ्यांना एकच.

फक्त एक गोष्ट कुणी मोजत नाही. ती म्हणजे मालकाची ऐपत.

हे मला लहानपणीच समजलं, कारण आमच्या घरी बैल होता. इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पार शेपटाला आमची दोन एकर जमीन. कालव्याचं पाणी वरच्या गावांना भरभरून मिळायचं आणि आमच्यापर्यंत येता येता त्याचा जीव जायचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगोल्याच्या बाजारातून एक खिलार खोंड आणलं. पांढरंशुभ्र, काजळ घातल्यासारखे डोळे. नाव ठेवलं हरण्या. दुसरा बैल घ्यायला पैसेच नव्हते.

आता छकडीला बैल लागतात दोन, आणि आपल्याकडे एकच. मग काय करायचं? शेतकऱ्याने याचं उत्तर फार पूर्वी शोधून ठेवलेलं आहे. ज्याच्याकडे एकच बैल आहे अशा दोघांनी आपापले बैल जुंपून एक जोडी करायची. आज तुझं रान नांगरू, उद्या माझं. याला म्हणतात पैरा. शर्यतीतही तसंच. हरण्याचा पैरा शेजारच्या वस्तीवरच्या एका बैलाशी जमला होता. तो बैल काळसर, जरा आडदांड, आणि हरण्या हलका. पण दोघांची चाल अशी जुळली की बघणारे म्हणायचे, एकाच गाईचे असावेत. बक्षीस आलं तर निम्मं-निम्मं, आणि नाही आलं तर खर्चही निम्मा-निम्मा.

खर्च कसला? आमच्या बैलाला खुराक म्हणजे कडबा, सरकीची पेंड, आणि आईने आमच्या ताटातून वाचवलेलं दूध. (माझ्या धाकट्या भावाची याबद्दल अजून तक्रार आहे.) बैलाला पळवण्याचा सराव म्हणजे पहाटे अण्णा स्वतः त्याच्याबरोबर पळायचे. आणि मैदानाला जायचं ते चालत. शर्यत उद्या दहा वाजता असेल तर आज दुपारीच निघायचं. वाटेत कुणाच्या तरी गोठ्यात मुक्काम, पहाटे पुन्हा चालायचं. दहा-बारा कोस चालून आलेला हरण्या माळावर उभा राहायचा, आणि त्याच्या शेजारच्या तासात टेंपोतून उतरलेला, रात्रभर गवतावर बसून रवंथ केलेला बैल.

झेंडा दोघांना एकच.

बालमित्रांनो, इथेच त्या उदाहरणाची रीत सुरू होते. मैदानातलं अंतर सारखं असतं, पण मैदानापर्यंतचं अंतर सारखं नसतं.

तरी हरण्या दोनदा फायनलला गेला. एकदा दुसरा आला. मिळालं काय? एक ढाल, एक फेटा, नारळ आणि थोडी रोख रक्कम. ती ढाल आमच्या देवळीत आजही आहे. त्या काळी पहिल्याला जे मिळायचं आणि तिसऱ्याला जे मिळायचं त्यात फार अंतर नसायचं. पहिल्याची ढाल मोठी, तिसऱ्याची लहान. हरलेला माणूस घरी जाऊन पुढच्या वर्षाची तयारी करू शकायचा, कारण त्याने घालवलं तरी फार काही घालवलेलं नसायचं.

मग मधे कायद्याची वर्षं आली. २०११ साली केंद्र सरकारने, खेळात ज्यांचा वापर करता येणार नाही अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्हींवर बंदी आणली. याचं कारण खोटं नव्हतं. शेपट्या पिरगाळणं, टोचण्या, चाबूक, काही ठिकाणी तर विजेचा झटका, असले प्रकार होत होते, आणि ते बंद व्हायलाच हवे होते. जिंकण्यासाठी मुक्या जनावराचे हाल करणं यात कसला आलाय मर्दपणा! २०१७ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, पण मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देऊ नका असं सांगितलं. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू आणि कर्नाटकाबरोबर महाराष्ट्राचाही कायदा योग्य ठरवला. आता परवानगी काढावी लागते, अंतर १००० मीटरपेक्षा जास्त नको, आणि काठी-चाबूक अजिबात नको.

ही झाली कायद्याची गोष्ट. पण बंदीची ती सात-साडेसात वर्षं सगळ्यांना सारखी गेली नाहीत. न पळणारा बैल पोसायचा म्हणजे काय, विचार करा. दिवसाला नुसते ३०० रुपये खुराक धरला, तर वर्षाचे होतात १ लाख ९ हजार ५०० रुपये. ज्याची पन्नास एकर बागाईत आहे त्याने हौस म्हणून दावण तशीच ठेवली. अण्णांनी २०१४ च्या पावसाळ्यात बैल विकला. तो हरण्या नव्हे, हरण्या तोवर म्हातारा होऊन गोठ्यातच गेला होता. त्याच्यानंतरचा हा बैल. विकताना अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने उठले, आणि पळायला कुणी नाही म्हणून अंगणात बसून राहिले.

शर्यती परत आल्या तेव्हा खेळ तोच होता, पण पैसा निराळा. पिंपरी-चिंचवडमध्ये चिखलीला २०२२ च्या मे महिन्यात मोठी शर्यत भरली, तिथे पहिल्या बक्षिसाला जेसीबी ठेवला होता. ट्रॅक्टर, चारचाकी, मोटारसायकली तर आता छोट्या मैदानांतही दिसतात. दोन एकरवाल्याला जेसीबी मिळाला तर तो करील काय? विकेलच ना! पण त्याला तो मिळायचा संभव तरी किती? बक्षीस मोठं झालं तशी बैलांची किंमत वाढली. बैलांची किंमत वाढली तसे ते ज्यांना परवडतात त्यांच्याकडे गेले. आणि त्यांच्याकडे गेले म्हणून बक्षीसही त्यांच्याकडेच गेलं. त्या बक्षिसातून पुन्हा नवा बैल. रहाटासारखं हे फिरतच राहतं. आणि रहाटाचं एकच पोहरं दर वेळी भरून वर येत असेल, तर बाकीच्यांनी दोर ओढायचा कशाला?

या पैशाचं एक वाईट रूपही आमच्या भागाने पाहिलं. २०२४ च्या जूनमध्ये बारामती तालुक्यात निंबुत इथे शर्यतीच्या एका बैलाच्या व्यवहारावरून भांडण झालं, गोळी सुटली, आणि एक माणूस जिवाला मुकला. तो सौदा ३७ लाखांचा होता असं वर्तमानपत्रांत आलं. त्या आठवड्यात शाळेत कुणीही बैलांच्या नावाने खेळलं नाही. एरवी मधल्या सुटीत निम्मी मुलं बैल आणि निम्मी मुलं ड्रायव्हर असतात.

आता तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच असं. मलाही तसंच वाटायचं. पण माझा एक जुना विद्यार्थी बारामतीला इंजिनिअरिंग शिकतो. त्याला गाड्यांचं भारी वेड. दिवाळीत घरी आला, तेव्हा मी त्याला आमच्या वर्गातलं उदाहरण वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बाई, हे तर अमेरिकेत कोर्टात गेलंय!”

अमेरिकेत ‘स्टॉक कार’च्या शर्यती असतात. स्टॉक कार म्हणजे मुळात कुणालाही दुकानातून विकत घेता येईल अशी साधी गाडी. शर्यतीसाठी खास बनवलेली नाही, हीच तिची गंमत. १९४८ साली तिथे नॅसकार नावाची संस्था निघाली. १९ जून १९४९ रोजी शार्लट या गावी, मातीच्या मैदानावर, तिने साध्या गाड्यांची पहिली मोठी शर्यत भरवली. जिम रोपर नावाचा माणूस पार कॅन्सस राज्यातून आला. शर्यतीची खबर त्याला कुठे मिळाली, सांगा बरं? वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत! (म्हणजे चित्रकथा वाचल्याने काहीच फायदा होत नाही असं म्हणणाऱ्या पालकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) ज्या गाडीने तो हजारभर मैल रस्ता तुडवत आला तीच गाडी त्याने मैदानात घातली. आमच्या हरण्यासारखंच की हे! चालत यायचं आणि तसंच पळायचं.

रोपर खरं तर दुसरा आला. पहिला आला ग्लेन डनवे. पण शर्यतीनंतर पंचांनी डनवेची गाडी उघडून तपासली, तर मागच्या स्प्रिंगांत फेरफार केलेला. गाडी ‘साधी’ राहिलीच नव्हती. डनवे बाद झाला आणि पहिलं बक्षीस रोपरला मिळालं. आपल्याकडे दात तपासतात, त्यांनी स्प्रिंग तपासल्या.

पण दात तपासून ऐपत कळत नाही, तशी स्प्रिंग तपासूनही कळत नाही. पुढे पुढे मोठे संघ आले. त्यांचे स्वतःचे कारखाने, शेकडो कारागीर. गाडी नावाला साधी राहिली. छोटे संघ मागे पडू लागले. २०१६ पासून नॅसकारने ३६ गाड्यांसाठी कायमच्या जागेचे परवाने दिले. परवाना असला की दर शर्यतीत जागा पक्की आणि बक्षिसाच्या पैशात वाटाही मोठा. मैदानात जास्तीत जास्त ४० गाड्या, म्हणजे परवाना नसलेल्यांनी उरलेल्या चार जागांसाठी झगडायचं. ते परवाने पुढे कोट्यवधी डॉलरना विकले गेले. २०२२ साली त्यांनी आणखी एक नियम काढला : गाडीचे बहुतेक भाग ठरवून दिलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचे, कुणी आपल्या कारखान्यात बनवायचे नाहीत. जणू सगळ्या बैलांना एकाच दुकानची पेंड! त्याचा उपयोगही झाला. त्या एका वर्षात १९ वेगवेगळे चालक शर्यती जिंकले. पण वर्षाअखेरचा मुख्य विजेता? २०२२ पासून २०२५ पर्यंत चारही वर्षं तो दोन बलाढ्य संघांतूनच निघाला. पेंड सारखी झाली, तरी बैल ओळखणारी, त्याला घडवणारी चांगली माणसं शेवटी पैसा असेल तिकडेच जातात ना.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये दोन संघ कोर्टात गेले. म्हणाले, पैशाची वाटणी आणि हे परवान्यांचे नियम आम्हाला मान्य नाहीत. त्यातल्या एकाचा मालक बास्केटबॉलचा जगप्रसिद्ध खेळाडू मायकेल जॉर्डन, म्हणजे तो काही गरीब नव्हे. पण दुसरा, फ्रंट रो नावाचा, खरोखरच लहान संघ. याच संघाच्या मायकेल मॅकडॉवेलने २०२१ साली डेटोना ५०० ही त्यांची सगळ्यात मानाची शर्यत जिंकली होती. साडेतीनशेहून जास्त शर्यती पळून झाल्यावर त्याचा तो पहिला विजय! शेवटच्या फेरीत पुढच्या दोघांची टक्कर झाली आणि हा मधून निघाला. आमच्या माळावर लोकांनी याला खांद्यावर घेऊन नाचवलं असतं. खटला २०२५ च्या डिसेंबरात उभा राहिला आणि मधेच तडजोड झाली. परवाने आता कायमचे झाले.

हे सगळं मी सोमवारी वर्गात सांगितलं. मग फळ्यावर लिहिलं : ‘बरोबरीची शर्यत कशी करावी?’ आणि खडू मुलांच्या हातात दिला.

एक म्हणाला, किमतीचे गट करा. लाखाच्या आतले बैल वेगळे, वरचे वेगळे. दुसरा लगेच उठला, “बाई, दात दिसत्यात, किंमत कुठं दिसती? समदे खोटंच सांगत्याल.” बरोबर आहे. तिसऱ्याला क्रिकेटच्या लिलावाची माहिती होती. खर्चाला वरून मर्यादा घालायची, अमुक इतक्याच्या वर कुणी घालवायचे नाहीत. फॉर्म्युला वन नावाच्या गाड्यांच्या शर्यतीत २०२१ पासून असंच केलंय, पहिल्या वर्षी मर्यादा होती साडेचौदा कोटी डॉलर. हा आकडा मी फळ्यावर शून्यांसकट लिहिला तेव्हा वर्गाला मर्यादा या शब्दाचाच संशय आला.

मग मी त्यांना पुण्याच्या रेसकोर्सवरची पद्धत सांगितली. तिथे पुष्कळशा शर्यतींत जो घोडा जास्त चांगला त्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, खोगिरात शिशाचे तुकडे घालून. म्हणजे सगळे जवळजवळ एकदम पोचावेत. यावर वर्गात मोठा कल्ला झाला. आमचा सगळ्यात जोरात पळणारा मुलगा रडकुंडीला येऊन म्हणाला, “मी रोज सराव करतो, आणि माझ्याच पाठीवर दगुड व्हय?” त्याचंही मला पटलं. बैल पैशाने आला म्हणून जिंकला आणि मेहनतीने घडला म्हणून जिंकला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनाला तो फरक कळत नाही. शिवाय ओझं मालकाच्या पाठीवर नाही, बैलाच्या पाठीवर पडणार. त्याची किंमत किती ते बैलाला थोडंच ठाऊक असतं?

मागच्या बाकावरची एक मुलगी, जी फारशी बोलत नाही, ती म्हणाली, “बाई, आपल्या तालुक्याच्या स्पर्धेत ती खिळ्यांच्या बुटांची मुलं होती. आपली अनवाणी पळाली.” वर्ग एकदम गप्प झाला. मग तिनेच पुढे सांगितलं, “बूट पंचांकडंच ठेवायचे. ज्याची पाळी त्यानं घालायचे.”

म्हणजे पुन्हा पैराच की! माझं स्वतःचं मत विचाराल तर मला या सगळ्यांत पैराच जास्त आवडतो. त्यात कुणाला मागे ओढायचं नसतं. ज्याच्याकडे एकच आहे त्याला दुसरा मिळतो, एवढंच. पण आता पैऱ्यालाही दृष्ट लागली आहे. नावाजलेल्या बैलाला नावाजलेलाच जोडीदार शोधतात. साध्या घरच्या बैलाला, तो कितीही पळणारा असला, तरी पैरा मिळवायला मालकाला दहा दारं फिरावी लागतात.

संध्याकाळी घरी गेल्यावर मी मुलांच्या सगळ्या सूचना अण्णांना वाचून दाखवल्या. अण्णा आता शर्यती फोनवर बघतात. चष्मा कपाळावर आणि फोन नाकाला लावून. मला वाटलं, ते बक्षिसाबद्दल काहीतरी म्हणतील. पण ते म्हणाले, “बक्षीस किती ठेवायचं ते ठेवा. पण जो गटात हरला, त्याच्या टेंपोचं भाडं आधी द्या. माणूस हरल्यानं शर्यत सोडत नाही गं. भाड्यानं सोडतो.”

मी हिशेब केला. मैदानाला दीडशे छकड्या आल्या आणि प्रत्येकीला नुसते दोन हजार दिले, तर होतात तीन लाख. एका ट्रॅक्टरच्या किमतीत एवढं सहज बसतं आणि वर पैसे उरतात. यात्रा जवळ आली होती. आमच्या गावच्या यात्रेतही मैदान भरतं, म्हणून मी तो कागद कमिटीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला, दोनदा वाचला. माणूस चांगला आहे. मग म्हणाले, “बाई, कल्पना लाख मोलाची आहे. पण बॅनरवर ट्रॅक्टरचा फोटो टाकता येतो, भाड्याचा कुठला टाकायचा?”

मी हे अण्णांना येऊन सांगितलं. ते फोनवरून मान वर न करताच म्हणाले, “मग बॅनर जरा लहान करा म्हणावं.”